झाडूचे तीन ठोके

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता कियूमर्सने मोशिरींच्या दिवाणखान्यातल्या उभ्या पियानोचं पुढचं झाकण उतरवून भिंतीला टेकवलं, तेव्हा पियानोचे मालक होशंग मोशिरी दीडशे किलोमीटरवर कझवीनला होते. ते तिथे होते म्हणूनच झाकण उतरवता आलं होतं.

सुरुवात पंधरा दिवसांपूर्वी जेवणाच्या वेळी झाली. मोशिरींच्या बायकोची भाची सूदाबे जेवायला आली होती. तिच्या मुलीला संगीत शाळेत प्रवेश मिळाला होता आणि घरी पियानो लागणार होता. बहारिस्तान चौकातल्या एका दुकानात तिने नवा उभा पियानो पाहून ठेवला होता. हे ऐकताच मोशिरींनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "नवा कशाला? हा आहे ना. तुझाच समज. उद्या ने."

तेहरानमध्ये हे वाक्य नुसतं शिष्टाचाराचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाहुण्याने म्हणायचं, "तुमची सावली आमच्यावर राहो," आणि भात वाढून घ्यायचा. सूदाबेनेही तेच केलं. पण तूबा खानुम, म्हणजे मोशिरींच्या पत्नी, यांना पियानोच्या कोपऱ्यात जेवणाचं टेबल हवं होतं. तीस वर्षं त्या पाहुण्यांना स्वयंपाकघरात दोन पंगतींत जेवायला घालत होत्या. एकेचाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं एक तरी वाक्य शब्दशः खरं धरायचं, असं त्यांनी त्या रात्री ठरवलं. मोशिरी मित्राकडच्या साखरपुड्याला कझवीनला गेले, आणि दुसऱ्याच दिवशी भाची व पियानो जुळवणारा कियूमर्स दोघेही हजर झाले.

कियूमर्स चौतिसाचा. जर्मनीतल्या एका पियानो कारखान्यात दोन वर्षं काढून आलेला. तो छापील तक्ता घेऊन फिरायचा. गुरुवारी त्याने दुकानातला पियानो तपासून डावीकडचा रकाना भरला होता: चावी खाली जायला अठ्ठेचाळीस ग्रॅम, चावीची खोली दहा मिलिमीटर, आवाज उजळ, किंचित काचेचा, सूर टिकतो नऊ सेकंद. आता तो मोशिरींच्या पियानोच्या एकेका चावीवर पितळेची छोटी वजनं ठेवत होता.

"पंचावन्न," तो म्हणाला.

"जड आहे का?" सूदाबेने विचारलं.

"जड नाही. भरीव आहे. नव्याची चावी बोट नीट टेकायच्या आतच खाली बसते. ही विचारते, नक्की वाजवायचंय ना? शिकणाऱ्या मुलीला अशीच हवी."

"माझ्या लेकीला विचारलेलं आवडत नाही," सूदाबे म्हणाली.

"आणि आवाज?" तूबा खानुम म्हणाल्या. त्यांच्या झग्याच्या खिशात मोजपट्टी होती.

"आवाजाचं आत्ता सांगता येणार नाही. याचे सूर बिघडलेत. एक सुरात आणि एक बेसूर, अशी तुलना कशी करायची? आधी हा नीट जुळवतो, मग दोघांचा आवाज एका मापाने मोजता येईल."

यात तर्क म्हणून काहीच चूक नव्हती. एक गोष्ट मात्र त्याला खटकली. प्रत्येक सप्तकातला तिसरा आणि सहावा सूर उतरलेला होता आणि सगळीकडे सारखाच उतरलेला होता. हवेने पियानो उतरतो तो इतका शिस्तीत उतरत नाही. कियूमर्सने क्षणभर विचार केला आणि निष्कर्ष काढला, की पूर्वी कुणीतरी वाईट पण कमालीचा सातत्याने वाईट कारागीर येऊन गेलेला असावा. तक्त्यात 'आधीची अवस्था' असा रकाना होता. त्यात त्याने 'वाईट' एवढंच लिहिलं आणि जुळवणीची किल्ली लावून तारांच्या खुंट्या पिळायला घेतल्या.

बारा वाजता काम संपलं. त्याने एक छोटा धडा वाजवला. तोच धडा काल दुकानात वाजवून फोनवर ध्वनिमुद्रित केला होता. दोन्ही एकापाठोपाठ ऐकवले. नव्याचा सूर लखकन यायचा आणि निघून जायचा. जुन्याचा उशिराने उमलायचा आणि चौदा सेकंद खोलीत राहायचा.

"हाच," सूदाबे म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मावशी, हाच."

"मला तर मिशा काढलेल्या माणसासारखा वाटतोय," तूबा खानुम म्हणाल्या. "पण असू दे. तुला आवडला ना?" आणि त्यांनी मोजपट्टी काढून कोपरा मोजला. सहा खुर्च्या बसत होत्या.

दीड वाजता कझवीनहून फोन आला. तूबा खानुमनी उत्साहाने सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला.

"अहो, सूदाबे आलीय, पियानो बघायला. तुम्हीच म्हणाला होतात ना, तुझाच समज."

पलीकडे शांतता पसरली. कियूमर्सला सेकंद मोजायची सवयच होती, त्याने घड्याळ पाहिलं. सात सेकंद.

"हो, हो," मोशिरी म्हणाले. "मग! तिचाच आहे. लाजायचं काय त्यात? न्या, खुशाल न्या." मग आवाज जरा खाली आला. "फक्त तिला एक सांग. तिसरा आणि सहावा सूर माझ्या उस्तादांनी स्वतःच्या हाताने उतरवून दिलेत, सेगाहसाठी. ते वारले त्याच्या चार महिने आधी. दर वर्षी जुळवताना मीही त्या दोघांना जपूनच हात लावतो. तेवढे तसेच राहू देत म्हणावं. बाकी सगळं तिचंच. मी पाचपर्यंत येतो. शेवटचं एकदा वाजवेन म्हणतो, तिची हरकत नसेल तर."

तूबा खानुमनी फोन ठेवला. सेगाह हा राग त्या उतरलेल्या सुरांवरच उभा असतो. ते वर चढवले की उरतो तो शाळेतला धडा, आणि तोच तर कियूमर्सने मघाशी वाजवला होता.

"माझ्या भावाने एकदा यावर कलिंगड ठेवलं होतं," तूबा खानुम हळूच म्हणाल्या. "सहा वर्षं बोलले नाहीत त्याच्याशी. त्यानं तर नुसतं ठेवलं होतं. कापलंही नव्हतं."

"उतरव ना परत," सूदाबे कियूमर्सला म्हणाली. "चढवता येतात तसे उतरवताही येत असतील."

"किती उतरवू? साधारण पाव सूर, हे पुस्तकात असतं. पण प्रत्येक उस्तादाचा पाव वेगळा. यांच्या उस्तादांचा किती होता?"

"तू लिहून घेतलं असशील ना!"

कियूमर्सने तक्ता पुढे केला. आधीची अवस्था: वाईट.

त्याच वेळी दाराची घंटा वाजली. दारात खालच्या मजल्यावरचे इक्तेदारी होते. भूमितीचे निवृत्त शिक्षक. मोशिरींच्या वादनाबद्दल ते दर महिन्याला एक तक्रारअर्ज लिहायचे आणि लिफ्टमध्ये चिकटवायचे. जास्त घाई असेल तर झाडूच्या दांड्याने छत ठोकायचे.

"खानुम, सकाळपासून टिंग टिंग चाललंय, ते मी सहन केलं," ते म्हणाले. "पण तुम्ही त्याचं केलंत काय? तो रडका सूर कुठे गेला?"

तिघांनीही त्यांच्याकडे एकदम पाहिलं.

"तुम्हाला तो आठवतो?" कियूमर्सने विचारलं.

"आठवतो? मी राहायला आलो त्याच आठवड्यात यांचे ते उस्ताद आले होते. दोन दिवस एकच सूर, टंग, टंग, टंग. खिळ्यासारखा बसलाय डोक्यात. ऐका." आणि दारातच उभं राहून, चेहऱ्यावर पूर्ण तिटकारा ठेवून, इक्तेदारींनी सेगाहची सुरुवात गुणगुणून दाखवली. एकही सूर इकडचा तिकडे झाला नाही.

"तुम्हाला आवडतं हे!" सूदाबे म्हणाली.

"मला माझी दाढदुखीसुद्धा पाठ आहे, बाई. ती आवडते असं नाही."

"आत या, बसा, चहा घ्या," तूबा खानुम म्हणाल्या. "आणि याला सांगा, कुठे कसा होता."

इक्तेदारी पियानोशी उभे राहिले, दोन सूर ऐकले आणि मान हलवली. "इथून मला काही कळायचं नाही. इथे हा भलताच मोठा वाजतो. मी तीस वर्षं ऐकलंय ते माझ्या खाटेवर पडून, छतातून. मी खाली जातो. एक ठोका दिला तर वर चढवा. दोन दिले तर उतरवा. तीन दिले तर बोट काढा, बरोबर आहे." दाराशी थांबून म्हणाले, "हे मी तुमच्यासाठी करत नाही. मलाही आता झोप लागली पाहिजे ना. तो सूर आला की डोळा लागतो माझा, सवयीने."

सव्वादोनला काम सुरू झालं. कियूमर्स सूर वाजवायचा, खालून झाडूचा दांडा बोलायचा. दोन ठोके. किल्ली किंचित उलटी. दोन ठोके. आणखी किंचित. एक ठोका. कियूमर्सने जर्मनीत दोन वर्षं ज्या यंत्रावर विश्वास ठेवला होता ते त्याने पहिल्या अर्ध्या तासातच पिशवीत टाकलं. छताचा गिलावा पडत असावा, कारण मधूनच खालून शिंका ऐकू यायच्या. सूदाबेने एकदा शिंकेला एक ठोका समजून सूर चढवायला लावला आणि त्यावरून खिडकीतून वादावादी झाली.

"शिंक म्हणजे ठोका नव्हे!" इक्तेदारी ओरडले.

"मग शिंकताना दांडा धरू नका!" सूदाबे ओरडली.

साडेतीनला एक तार तुटली. म्हातारी तार, सकाळी चढवली, दुपारी उतरवली. एवढा अपमान तिला झेपला नाही. बहुतेक सुरांना तीन तारा असतात, या सुराच्या उरलेल्या दोघींवर भागवायचं ठरलं. कियूमर्सने घाम पुसून पुढची खुंटी धरली. एकूण चौदा सूर, तारा मोजल्या तर चाळीसच्या आसपास.

चार पन्नासला एकच सूर राहिला होता, मधल्या सप्तकातला सहावा. सेगाहमध्ये त्याच्याशिवाय पान हलत नाही. नेमका तोच जमेना. एक ठोका, दोन ठोके, एक, दोन. तेवढ्यात गल्लीत टॅक्सी थांबली. खिडकीशी उभ्या तूबा खानुम म्हणाल्या, "आले."

सूदाबे धावत जिन्यात गेली. मोशिरी हातात मिठाईचा डबा घेऊन वर पोचले, तेव्हा ती उंबऱ्याशी उभी होती.

"काका, या ना, आधी तुम्ही."

"छे छे, पाहुणी तू. आधी तू."

"तुमच्या पुढे मी? असं कसं होईल?"

"घर तुझंच आहे."

"घर माझं, पण मान तुमचा."

एरवी हे तीन वाक्यांत आटोपतं. सूदाबेने ते चार मिनिटं चालवलं. तिने त्यांच्या केसांची शपथ घातली. आपल्या मेलेल्या आजोबांचा हवाला दिला. तिने एक पाऊल आत टाकलं आणि पुन्हा मागे घेतलं. मोशिरींना भाचीचं इतकं चांगलं वळण पाहून भरून आलं. आतून सूर ऐकू येत होता, एकच, पुन्हा पुन्हा, आणि मध्येच झाडूचे ठोके.

"कोण आहे आत?"

"पियानो बघायला आलेत, काका. मी नाहीच जाणार आधी. प्राण गेला तरी नाही."

खालून तीन ठोके आले. स्पष्ट, सावकाश, भूमितीच्या शिक्षकाने फळ्यावर टिंबं द्यावीत तसे.

"बरं, तुम्ही इतकं म्हणताय तर," सूदाबे म्हणाली आणि चटकन आत शिरली.

मोशिरींनी डबा ठेवला, कोट काढला, कियूमर्सशी हात मिळवला आणि पियानोवर बसले. झाकण जागेवर होतं. कियूमर्स तक्ता छातीशी धरून उभा होता. मोशिरींनी सेगाह सुरू केला. तिसरा सूर गेला. सहाव्यावर ते थांबले. परत वाजवला. मग परत.

"हा खाली आहे," ते म्हणाले.

तूबा खानुमनी हातातला पेला बशीसकट खाली ठेवला.

"केसभर खाली आहे." त्यांनी डोळे मिटले. "उस्तादांनी असाच लावला होता. अगदी असाच. गेली किती वर्षं मला वाटतंय की कुठेतरी चुकतंय, आणि मी कानांना दोष देतोय. दर वर्षी जुळवताना मीच थोडा थोडा वर नेला असणार. आज आपोआप कसा आला जागेवर?"

"हवा बदललीय," तूबा खानुम म्हणाल्या.

मोशिरी वळून भाचीला म्हणाले, "बघ, आता तर तू नेच. इतका चांगला सुरात आलाय. तुझाच आहे."

"नको काका. मुलीला शाळेत वेगळं शिकवतात. तिला दुकानातलाच बरा."

"अगं, ने म्हणतो ना."

"तुमची सावली राहो. नको."

"खरंच नको?"

"खरंच."

चौथ्यांदा त्यांनी विचारलं नाही. तूबा खानुमनी मोजपट्टी खिशातून काढून शिवणाच्या डब्यात ठेवून दिली. कियूमर्सने 'वाईट' हा शब्द खोडला आणि त्याच्या जागी काय लिहावं हे न सुचल्याने रकाना कोरा सोडला.

मोशिरी पुन्हा वाजवू लागले. आता सलग, मोकळ्या हाताने. सहावा सूर आला आणि चौदा सेकंद खोलीत राहिला. तो विरतो न विरतो तोच खालून झाडूचा दांडा छतावर वाजला. एक, दोन, तीन.

"झालं याचं सुरू!" मोशिरी हात न थांबवता म्हणाले. "तीस वर्षं. तीस वर्षं हा माणूस माझ्याखाली राहतोय, कान म्हणून नाहीत त्याला."

कियूमर्सने मान खाली घातली. तूबा खानुम स्वयंपाकघरात गेल्या आणि केशरी खिरीचं मोठं पात्र घेऊन आल्या. वर दालचिनीची नक्षी काढलेली होती. ते त्यांनी सूदाबेच्या हातात दिलं.

"खाली इक्तेदारींना देऊन ये."

"त्याला?" मोशिरी म्हणाले. "खीर? ती कशाबद्दल?"

"त्रास होतो ना त्यांना," तूबा खानुम म्हणाल्या.