शिमोन मास्तरांची कोंडणी

घरात विंचू निघाला की माणसं चप्पल शोधतात. आमचे शिमोन मास्तर पुठ्ठा शोधत.

पुठ्ठ्याच्या गोल चकतीवर एका बाजूला विंचू काढायचा, दुसऱ्या बाजूला पालथं पातेलं. दोन्ही कडांना दोरा. दोरा बोटांत पिळून चकती गरगर फिरवली की विंचू पातेल्याखाली दिसे आणि मास्तर सुटकेचा निःश्वास टाकत. खरा विंचू तोवर खाटेखाली गेलेला असे.

जामखेडकडच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवत, मी गणित. मी म्हणायचो, "मास्तर, भिंगरी झकास जमलीय."

"भिंगरी नुसती फिरती. ही कोंडती. कोंडनी म्हना."

शब्द त्यांचा स्वतःचा. साप आणि टोपली, वीज आणि छत्री, हेडमास्तर आणि कुलपाचं कपाट. खिसा कायम फुगलेला.

दुष्काळात विहिरीनं तळ गाठला. खाली उतरून झऱ्याचं पाणी वाटीनं घागरीत भरावं लागे. मास्तर उतरायला गेले आणि तिसऱ्या खोबणीवर डोळे मिटून चिकटून बसले. आम्ही चौघांनी त्यांना वर ओढलं. मग त्यांची बायको मार्थाबाई उतरू लागल्या. शेजारच्या गावात विहिरीची दरड ढासळून एक बाई गेली होती, त्यामुळे भीती सगळ्यांनाच होती.

मास्तर काठावर नवी कोंडणी फिरवत. एका बाजूला मार्थाबाई, दुसऱ्या बाजूला घराचं दार. फिरवली की बाई दारात उभ्या. मधूनच ओरडत, "अगं, कोंडनी दिसतीय का?"

"दिसतीय," खालून आवाज येई. लोक हसत, मीही हसे.

एकदा उत्तर आलं नाही. मास्तरांनी पुन्हा विचारलं. खाली माती सुटल्याचा आवाज तेवढा आला. मास्तरांच्या बोटांत दोरा गुंतला, चकतीवरच्या बाई दारात येईनात.

"दिसतीय वो," बऱ्याच वेळानं आवाज आला. "तोंडात धुरळा गेल्ता."

घरी जाताना मी चिडलोच. "मास्तर, एवढीशी चकती इतक्या खालून दिसते होय? बाई तुमचं मन राखायला खोटं बोलतात."

"ठावं हाय मला," मास्तर म्हणाले. "पन 'हायस का गं' म्हनून वरडलो, तर तीबी भिईल. हे इचारलं की तिला वाटतं, वर माजा खेळ चाललाय. आन् ती बोलली, की मला कळतं, हाय."