दशीची गाठ

ऐन सौद्यात डोळे मिटून बसणारा माणूस मी एकच पाहिला. नरसय्याअण्णा, सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचे मॅनेजर. भाव उतरवायला मी घसा कोरडा करायचो आणि अण्णा मागांची, त्यांतून धावणाऱ्या धोट्यांची खडखड ऐकत बसायचे. खिडकीतल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत असायचे. झोपले वाटतं, असं म्हणेपर्यंत डोळे न उघडताच सांगायचे, "सातव्या मागाचा धोटा अडखळतोय. आणि तुमचं बोलणं पण. म्हणजे मी सांगितलेला भावच खरा की."

नातेपुत्याच्या बाजारात खांद्यावर टॉवेल टाकून विकत मी वर आलोय. डोकं लवकर तापतं, कुणाच्या शब्दावर मी जात नाही. अण्णांच्या गाठीवर मात्र जायचो. सौदा पटला की नमुन्याच्या टॉवेलच्या टोकाला लोंबणाऱ्या दशांना ते गाठ मारायचे आणि तो टॉवेल माझ्या हातात द्यायचे. कागद नाही, सही नाही. एकदा त्यांची गाठ चुकली, कारखाना तोट्यात गेला. थोरले मालक एवढंच म्हणाले, "गाठ तुम्ही मारलीत ना? मग ती माझीच."

मग धाकटे मालक आले. माणूस वाईट नाही, हुशार आहे. पण प्रत्येक गोष्ट आधी त्यांना विचारावी लागते. तेव्हापासून अण्णा डोळे उघडे ठेवून बसू लागले. कशालाही एकच उत्तर, "वर विचारून सांगतो." हे 'वर' म्हणजे त्याच मजल्यावरची, अण्णांच्या टेबलापासून दहा पावलांवरची काचेची केबिन. चहात साखर चालेल का, असं मी एकदा विचारलं, तर अण्णांनी तिकडे पाहिलं.

गेल्या महिन्यात एका मंगल कार्यालयाला निळ्या काठाचे टॉवेल हवे होते. मी नमुना अण्णांकडे देऊन भाव सांगितला; गिऱ्हाईकाला शनिवारपर्यंत होकार द्यायचा होता. चार दिवस अण्णा वर विचारत राहिले. शनिवार गेला, गिऱ्हाईकही गेलं. सोमवारी मी भांडायलाच गेलो, वीस वर्षांचा व्यवहार तोडायचा असं ठरवून. अण्णा मागांकडे गेले होते. निदान माझा निळा नमुना तरी परत न्यावा म्हणून मी त्यांच्या टेबलाचा खण ओढला.

आत टॉवेलांची चळत. प्रत्येकाच्या दशांना गाठ, गाठीत खोचलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर व्यापाऱ्याचं नाव. सगळ्यात वर माझा निळ्या काठाचा टॉवेल होता. त्याच्या चिठ्ठीवर माझं नाव आणि मी पहिल्याच दिवशी मागितलेला भाव.

"त्या द्यायच्या राहिल्या," मागून अण्णा म्हणाले. "मनाला पटलं की हात गाठ मारतो. द्यायची तर परवानगी नाही. मग इथं ठेवतो. सोडवत नाहीत बघा."

मी खण हळूच लावला, खुर्ची ओढली आणि टेबलावरचा पांढरा नमुना त्यांच्यापुढे सरकवून नवी मागणी सांगितली. अण्णांनी केबिनकडे पाहिलं.

"विचारून सांगा," मी म्हणालो. "मी बसतो."

"लई वेळ लागेल."

"लागू द्या. तोवर डोळे मिटा की जरा."

आपल्या खुर्चीत टेकून अण्णांनी डोळे मिटले. पलीकडे माग एका लयीत चालले होते, उन्हात तंतू तरंगत होते. आणि टेबलाखाली त्यांचा हात पांढऱ्या नमुन्याच्या दशा चाचपत होता.