नापास बटनांची बरणी

कुठलंही बटन दाबायचं झालं की निंबार्ते आधी बोटाला चिंधी बांधत. जुन्या धोतराची पट्टी, तिचे मोजून सहा वेढे आणि वर दोऱ्याची गाठ. हा सोहळा ते डाव्या हाताने आणि दातांनी उरकत. मग डोळे मिटून, मान तिरकी करून बटन दाबत, क्षणभर ऐकत आणि निकाल देत, "नापास."

भंडाऱ्याच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्सच्या प्रयोगशाळेचे सहायक होते आणि मी त्याच विभागात शिकवत होतो. सत्त्याऐंशी साल असेल. प्रयोगशाळेच्या कपाटात लोणच्याची एक काचेची बरणी होती आणि तिच्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती : 'नापास'. आत निरनिराळ्या रंगांची साठ-सत्तर बटनं. आमच्या परीक्षेत निदान ग्रेस मार्क तरी मिळत, निंबार्त्यांच्या परीक्षेत तेही नाही.

ते एक शेगडी बनवत होते. विजेची, पण तिला मायक्रोकंट्रोलर जोडलेला. हा शब्द तेव्हा आमच्या कॉलेजात दोघांनाच येत होता आणि त्यातला मी अर्धवट. पाठकोऱ्या कागदांवर त्यांनी हाताने प्रोग्रॅम लिहिला आणि नागपूरच्या एका ओळखीच्याकडून तो चिपमध्ये भरून आणला. शेगडी दहा मिनिटांनी आपोआप बंद व्हायची. पुढे चालू हवी असेल तर पुन्हा बटन दाबायचं. सगळं तयार होतं, अडलं होतं ते फक्त बटनापाशी.

"एकदा दाबलं का चिपले वाटते चारदा दाबलं," ते सांगत. "पन चिपची खोड प्रोग्रॅममंदी मोडता येते सर. बटनाची खोड नाही मोडत."

"अहो, पण एवढी शेगडी कोणासाठी?"

"घरी पावने असते जी नेहमी."

हे पाहुणे मोठे चिवट होते. बारा वर्षांत निंबार्त्यांनी आम्हा कोणालाही घरी बोलावलं नाही. कारण एकच, पावने आहेत. यांच्याकडे पाहुणे येतात की पिढ्यानपिढ्या राहतात, असं आम्ही आपसात म्हणत असू.

एकदा मी त्यांच्यासोबत एस.टी.ने नागपूरला गेलो, बटनं बघायला. दुकानदाराने काउंटरवर डबे ओतले. निंबार्त्यांनी खिशातून चिंधी काढली. दुकानदार म्हणाला, "भाईसाब, उंगली कट गई क्या?"

"नहीं जी," निंबार्ते गंभीरपणे म्हणाले, "इंटरव्ह्यू ले रहा हूँ."

आणि खरोखरच त्यांनी दीड तास मुलाखती घेतल्या. कॅल्क्युलेटरसारखं एक चपटं बटन : "लाजाळू आहे. दाबलं का नाही, कोनाले सांगतच नाही." दारावरच्या घंटीचं बटन : "आत जाते आन् आतच रायते." एक लाल बटन मला बरं वाटलं, तर म्हणाले, "हे दाबल्यावर नाही, सोडल्यावर वाजते. पश्चात्ताप झाल्यावानी. नापास."

मी वैतागलो. "आवाज कशाला हवा? बाजूला छोटा दिवा लावा. दाबलं की पेटेल."

त्यांनी चिंधी सोडत माझ्याकडे पाहिलं. "दिवा चिप लावते सर. टक् मानूस करते."

हे मला तेव्हा नुसतं विक्षिप्त वाटलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी साभिनय सांगितलं की निंबार्ते पाच व्होल्टला घाबरतात, म्हणून बोटाला चिंधी. मीच त्यांचं नाव 'चिंधीबाबा' पाडलं. सगळे पोट धरून हसले. निंबार्तेही हसले. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

पुढे हिवाळ्यात ते दोन दिवस रजेवर गेले. आले तेव्हा चेहरा उतरलेला. बरणीशी उभे राहून म्हणाले, "आता घाई झाली सर. परवा भाजलं."

"तुम्हाला?"

"घरी," एवढंच बोलून ते कामाला लागले.

त्याच आठवड्यात मी अड्याळला मेहुण्याच्या राइस मिलमध्ये गेलो होतो. भिंतीशी मोटरचा एक मोडीत काढलेला स्टार्टर पडला होता. त्याचं हिरवं बटन मी सहज दाबलं. रुपयाएवढं बटन, पण असं ठणठणीत वाजलं की पोत्यांवर झोपलेल्या मांजराने मान वर केली. मी ते सोडवून घेतलं आणि भंडाऱ्याला उतरलो तो थेट तांबटांच्या गल्लीमागे, निंबार्त्यांच्या घरी.

दार एका बाईने उघडलं. पाहुणे नव्हतेच. दोन खोल्या आणि निंबार्त्यांची बायको. तिच्या उजव्या हाताची बोटं आखडलेली होती आणि दोन बोटांना धोतराच्या पट्टीचे वेढे होते. मोजायची गरज नव्हती.

महारोग. औषधांनी तो कधीच बरा झाला होता, पण बोटांतली जाणीव परत आली नव्हती. विस्तव लागला तरी तिला वास आल्यावर कळायचं.

"या ना भाऊजी. ते नळावर गेले, येतेतच आता," ती म्हणाली. माझ्या हातातलं बटन पाहून तिचा चेहरा उजळला. "भेटलं का? पाहू द्या ना मले." तिने हात पुढे केला.

मी बटन स्टुलावर ठेवलं.

मी विज्ञान शिकवणारा माणूस. बऱ्या झालेल्या माणसाला शिवून काही होत नाही हे मला पाठ होतं. तरीही ठेवलं. मागे वळलो तर दारात बादली घेऊन निंबार्ते उभे. त्यांनी सगळं पाहिलं होतं.

त्यांनी बादली ठेवली, स्टुलावरचं बटन उचललं आणि तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. तिने ते दुसऱ्या हाताच्या चिंधीच्या बोटाने दाबलं. टक्.

"वाजलं जी!" ती म्हणाली. मग त्यांच्याकडे बघून, "मीच वाजवलं ना?"

"तूच," निंबार्ते म्हणाले. "पास."

तिने ते पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग एकदम भान येऊन म्हणाली, "बसा भाऊजी, चहा टाकतो."

मी नुसताच उभा राहिलो. हो म्हणवेना आणि नाही म्हणायला तोंड नव्हतं.

"नको टाकू," निंबार्ते सहज आवाजात म्हणाले. "सरांले डॉक्टरनं चहा बंद केला आहे."

"अरे देवा! मंग दूध देऊ का?"

"दूधबी बंद आहे त्यायले."

"लई पथ्य आहे बिचाऱ्यायले," ती कळवळून म्हणाली.

मी दिवसाला सहा कप चहा पितो, हे निंबार्ते रोज बघत होते. गल्लीच्या वळणापर्यंत मागून टक्, टक् ऐकू येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये शिपायाने नेहमीसारखा चहा आणला. समोर निंबार्ते बसले होते. मी कप उचलला तसे ते खुर्चीत वळले आणि माझा चहा पिऊन होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.