दुसऱ्या मजल्यावरची झोप

पाठारे सुखिया आणि मंडळी या वकिली फर्ममध्ये ज्युनिअर वकिलांनी स्वतः झोपायचं नसतं. त्यांच्या वाटणीची झोप दुसऱ्या मजल्यावरचे झोपनीस घेतात.

शर्वाणी कुराडे रुजू झाली तेव्हा नेमणूकपत्रातल्या सवलतींच्या यादीत हे स्पष्ट लिहिलेलं होतं. घरी जायला गाडी, जेवणाची कुपनं, वर्षातून एकदा दातांची तपासणी, कोणीही न पाहिलेल्या व्यायामशाळेचं सभासदत्व आणि एक झोपनीस. कामाचे तास दिवसाला एकोणीस. पगार असा होता, की गडहिंग्लजला तिच्या वडिलांनी तो गल्लीत सांगताना मुद्दाम थोडा कमी करून सांगितला, म्हणजे लोकांचा विश्वास बसावा.

शर्वाणीचे झोपनीस म्हणजे बाबाजी तेंडोलकर. वय चौपन्न, मूळचे मालवणकडचे. इथे येण्याआधी सव्वीस वर्षं ते एका कापड गिरणीत पहारेकरी होते आणि कामावर झोपल्याबद्दल तीनदा निलंबित झाले होते. फर्मने त्यांना मुलाखतीविनाच घेतलं. ते सकाळी दहाला हजेरीचं कार्ड लावत, चप्पल खाटेखाली सारत आणि सव्वादहाला झोपी जात. बरोबर त्याच वेळी पाचव्या मजल्यावर शर्वाणीच्या डोळ्यांवरचा ताण उतरे. दीड ते दोन जेवणाची सुट्टी. तेंडोलकर डब्यात भात आणि बांगड्याची आमटी आणत. त्यामुळे दोन ते चार या वेळात त्यांना फार गाढ झोप लागे आणि शर्वाणीचे सगळ्यात अवघड करारनामे त्याच वेळात लिहून होत. सहाला ते उठत, तोंड धूत आणि घरी जाऊन जेवून परत झोपत. घरची झोप त्यांची स्वतःची. ती वेगळी धरली जाई.

अकरा महिने सुरळीत गेले. मग एका मंगळवारी शर्वाणीने तयार केलेल्या एका गोदामाच्या भाडेपट्ट्यात अकरावं कलम असं निघालं: ‘भाडेकरूने दिवा मालवावा आणि मालकाने आवाज करू नये.’ दोन्ही पक्षांनी ते आनंदाने मान्य केलं, पण वरिष्ठांच्या नजरेतून ते सुटलं नाही. बुधवारी ती न्यायाधीशांसमोर उभी असताना जांभई देऊ लागली आणि ती जांभई सरतपासणी संपेपर्यंत संपली नाही. गुरुवारी मनुष्यबळ विभागाच्या नाडकर्णीबाईंचं पत्र आलं. विषय, झोपेतील तूट. चालू महिन्यात आपल्या नावे फक्त एकतीस तास झोप जमा झाली आहे, तरी खुलासा करावा.

ज्युनिअर वकील सहसा दुसऱ्या मजल्यावर जात नसत. जाऊ नये असा नियम नव्हता, वेळ नव्हता. शर्वाणी जेवणाच्या सुट्टीत गेली. लांबट खोली, जाड पडदे, सात खाटा. प्रत्येक खाटेवर वकिलाच्या नावाची पितळी पाटी. तिच्या नावाच्या खाटेवर एक ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ डबा न उघडता बसले होते. तिला पाहून ते उठून उभे राहिले.

“वकीलबाई, तुम्हीच ना? मी ओळखलं. रोज तुमचंच बघतो.”

“तेंडोलकर काका, बसा. बरं नाही का तुम्हाला?”

“तब्येत ठीक आहे. झोपही लागते. पण पंधरा मिनिटांत उठावं लागतं.” त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “तिकडे गेलं की त्या बाई भेटतात.”

“कोण बाई?”

“उंच आहेत. डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. पायरीवर सुपात तांदूळ निवडत बसलेल्या असतात. मागे पेरूचं झाड आहे, त्याला टायर टांगलेला.”

शर्वाणी खाटेवर बसली. तो टायर तिच्यासाठीच टांगलेला होता. आणि तांदूळ निवडणारी बाई म्हणजे तिची आई; शर्वाणी कायद्याच्या तिसऱ्या वर्षाला असताना ती वारली होती.

तेंडोलकर तिला म्हणाले, की झोप तिची असल्यामुळे स्वप्नंही तिचीच पडतात, आणि कामाच्या वेळेत पडलेली असल्यामुळे ती फर्मच्या मालकीची ठरतात. ते रोज एका छापील कागदावर स्वप्नाची नोंद करून नाडकर्णीबाईंकडे देत. वकिलांना ती दाखवायची पद्धत नव्हती.

“काय म्हणते ती?” शर्वाणीने विचारलं.

“सुरुवातीला काही नाही. पाहुणा म्हणून चहा द्यायच्या. चहा फार गोड असतो, पण सांगणार कसं? मग विचारायला लागल्या, ‘आमची शरू कधी यायची?’ मी म्हटलं, कामात आहेत, पुढच्या आठवड्यात येतील. पुढच्या आठवड्यात परत तेच. गणपतीत येतील म्हटलं, दिवाळीत येतील म्हटलं.” तेंडोलकरांनी डब्याचं झाकण उगाच फिरवलं. “खोटं तरी किती बोलायचं, बाई? मी काही वकील नाही.”

“मग आता काय झालं?”

“या महिन्यात त्यांनी पिशवी भरली. म्हणाल्या, ‘ती न्हाई येत तर मीच जाते. पत्ता सांगा तेवढा.’ आता फर्मचा पत्ता स्वप्नातल्या माणसाला द्यावा की नाही, हे नियमात कुठंच नाही. देऊन चूक झाली तर नोकरी जाईल. आणि त्या पिशवी घेऊन समोर उभ्या. मग मी उठतो.”

दोन वाजले. तेंडोलकरांनी डबा तसाच बंद केला, आडवे झाले आणि डोळे मिटले. शर्वाणी उभी राहून पाहत होती. अकराव्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर आठी पडली, ओठ हलले आणि ते दचकून उठून बसले. “आज छत्रीसुद्धा घेतली आहे त्यांनी,” ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी शर्वाणीने अर्ज केला: स्वतः झोपण्यासाठी एक दिवसाची रजा मिळावी.

नाडकर्णीबाई कठोर नव्हत्या. त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि तिला खुर्ची दिली. “कुराडे, तुमच्या नावावर झोप आधीच घेतली जातेय. एका माणसाच्या दोन झोपा मी दाखवू कशा?”

“मला आईला भेटायचंय, मॅडम.”

“मग घरी जाऊन या की. त्यासाठी नैमित्तिक रजा आहे.”

“ती घरी नाही. चार वर्षांपूर्वी गेली.”

“अरेरे.” बाईंनी खरंच चष्मा काढला. “पण शोकरजा घटनेपासून तीस दिवसांतच मिळते.”

राजीनामा देता येत नव्हता. तीन वर्षांचा करार होता. शर्वाणीने तो करार काढला आणि रुजू झाल्यापासून पहिल्यांदाच स्वतःसाठी एक कागद वाचला. बढतीबद्दल त्यात सतरा अटी होत्या. खालच्या पदावर जाण्याबद्दल एकही नव्हती. असं कोणी करेल हे लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नसावं. आणि त्याच आठवड्यात सूचनाफलकावर लागलं होतं, की सहाव्या खाटेवरचे गुरव वयोमानानुसार निवृत्त होत असून झोपनिसाची एक जागा भरायची आहे. वेळ दहा ते सहा. रविवारी सुट्टी. शर्वाणीने पगाराला तासांनी भागलं. झोपनिसाचा दर वकिलापेक्षा पावणेदोन रुपयांनी जास्त निघाला. तिने पुन्हा भागलं. तेवढाच आला.

निवड समितीत तिघं होते. भागीदारांतर्फे सुखियासाहेब, मनुष्यबळ विभागाकडून नाडकर्णीबाई आणि कर्मचाऱ्यांचे प्रतिनिधी म्हणून तेंडोलकर. सुखियासाहेब पंचाहत्तरीचे पारशी गृहस्थ होते आणि ज्युनिअरांना मनापासून जपत. झोपनिसांची योजना त्यांनीच दयेपोटी सुरू केली होती.

“डिकरी, तुझा अर्ज वाचून मला लय वाईट वाटला,” ते म्हणाले. “एवढी शिकलेली पोरगी तू. झोपेचा अनुभव काय तुला?”

“चोवीस वर्षांचा, सर. फक्त शेवटचे अकरा महिने खंड आहे.”

“खंड मोठा आहे,” नाडकर्णीबाईंनी लिहून घेतलं.

“तर मग चाचणी,” सुखियासाहेब म्हणाले. “सगळ्यांना आहे तीच. दहा मिनिटांत झोप लागली पाहिजे.”

शर्वाणी सहाव्या खाटेवर आडवी झाली. तिघं खुर्च्या ओढून शेजारी बसले. सुखियासाहेबांनी मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. तिने डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांआड तिला उद्याच्या तारखा दिसू लागल्या, मग त्यांखालचे प्रकरण क्रमांक. कूस बदलली. उशीला खोबरेल तेलाचा वास होता. चार मिनिटं झाली, सहा झाली. तिला आठवेना, की माणूस झोपतो म्हणजे नेमकं आधी काय करतो. रडू आलं. पण रडण्याने चाचणीत काय फरक पडेल हे माहीत नसल्यामुळे तिने ते गिळलं.

सातव्या मिनिटाला तेंडोलकर खाकरले.

“साहेब, एक हरकत आहे. उमेदवार या घडीला वकीलच आहेत. म्हणजे त्यांची झोप घ्यायचा अधिकार माझ्याकडे. मी तो सोडल्याशिवाय त्यांना झोप येणार कुठून?”

सुखियासाहेबांनी नाडकर्णीबाईंकडे पाहिलं. बाईंनी नियमावली पाहिली. “मुद्दा बरोबर आहे, सर.”

“मग सोड ना बाबा. लवकर सोड.”

“असं तोंडी कसं? कागद पाहिजे.”

हक्कसोडपत्र कोण लिहिणार? पाचव्या मजल्यावर निरोप धाडला असता तर अर्धा दिवस गेला असता. शेवटी शर्वाणीनेच पडल्या पडल्या हात पुढे केला. नाडकर्णीबाईंनी वही दिली. तिने पाच ओळी लिहिल्या: मी, बाबाजी विठू तेंडोलकर, कु. शर्वाणी कुराडे यांची झोप, तिच्यातील स्वप्ने, त्यात येणारी माणसे आणि त्यांचे चहापाणी यांवरील माझा सर्व हक्क राजीखुशीने सोडत आहे. वकील म्हणून तिने लिहिलेला हा शेवटचा दस्तऐवज, आणि फर्ममध्ये तो अजून नमुना म्हणून दाखवतात. सुखियासाहेब आणि नाडकर्णीबाई यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. तेंडोलकरांनी चष्मा पुसला, कागद दोनदा वाचला, ‘चहापाणी’ या शब्दावर थोडा वेळ थांबले आणि सही केली.

पेन कागदावरून उचललं जाण्याआधी शर्वाणीला झोप लागली होती.

सुखियासाहेबांनी घड्याळ पाहिलं. कागद लिहिण्याचा वेळ वजा जाता नऊ मिनिटं चाळीस सेकंद. “उमेदवार पात्र,” असं कार्यवृत्तात नोंदलं गेलं. तो शुक्रवार होता. सहा वाजता तिला उठवावं का, असा प्रश्न आला, पण ती अजून रुजू झाली नसल्यामुळे तिच्यावर वेळेचं बंधन नव्हतं. शनिवार गेला, रविवार गेला. दरम्यान पाचव्या मजल्यावर तिची नऊ प्रकरणं लातूरच्या एका नव्या मुलाकडे देण्यात आली. इकडे पडद्याच्या फटीतून तिच्या तोंडावर ऊन येतं म्हणून कोणीतरी फटीला फाईल लावून ठेवली.

सोमवारी दुपारी पावणेदोनला शर्वाणी उठली. छातीवर नेमणूकपत्र ठेवलेलं होतं. गालावर उशीच्या शिवणीची रेघ उमटली होती. तिने ती बोटाने चाचपून पाहिली. शेजारच्या खाटेवर तेंडोलकर डबा खात होते. त्यांच्या खाटेवर आता लातूरच्या मुलाच्या नावाची पाटी लागली होती.

“भेटल्या?” त्यांनी विचारलं.

शर्वाणीने मान हलवली. तेंडोलकरांनी डब्याच्या झाकणात थोडा भात काढून तिच्यापुढे सरकवला. चार घास खाल्ल्यावर ती म्हणाली, “खूप रागावली. वाळलीयस म्हणाली. मग तेल लावून केस विंचरले माझे. दोन वेण्या घातल्या. मी म्हटलं, अगं मी वकील आहे. म्हणाली, असशील.”

“पिशवी?”

“रिकामी केली. सगळे माझेच गरम कपडे होते.”

तेंडोलकर बांगड्याचे काटे काढत राहिले. मग वर न बघता म्हणाले, “माझं काही काढलं का त्यांनी?”

“निघताना विचारलं. ‘ते पाहुणे आज कसे न्हाई आले? मी त्यांचा कप येगळा ठेवलाय.’”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“सांगितलं, त्यांची बदली झाली.”

तेंडोलकरांना ते पटलं. गिरणीतही माणसांच्या बदल्या होत असत. त्यांनी डबा धुऊन पालथा घातला, हात पुसले, नव्या पाटीवरचं नाव एकदा पुटपुटून पाठ केलं आणि खाटेवर आडवे झाले. शर्वाणीनेही पत्र घडी करून उशीखाली ठेवलं आणि पडद्याकडे पाठ केली. तिच्या खाटेवरची पाटी अजून कोरी होती; वाट्याला आलेला वकील कोण, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. ते कळेलच, असं म्हणून तिने डोळे मिटले. दोन वाजले होते आणि कामाला सुरुवात झाली.