झिप हनुवटीपर्यंत

सदानंद बोडसने ते जॅकेट नुसतं घालून बघितलं असतं तर काहीच बिघडलं नसतं. पण घातलंच आहे तर झिपही लावून बघावी, असं त्याला वाटलं. (त्याला असं काही वाटलं की घरातले बाकीचे आपापले मोबाइल चार्जिंगला लावून ठेवतात. कुणाला मदतीला बोलवावं लागेल, सांगता येत नाही.)

डिसेंबरातला पहिला रविवार होता. आणखी पंधरा दिवसांनी सदानंद, बायको विभावरी आणि नववीतली इरा असे तिघं जपानला, साप्पोरोला निघणार होते. आयुष्यात एकदा तरी बर्फ बघायचा, एवढीच विभावरीची इच्छा होती. पण सदानंद दुबईच्या जेएलटी भागातल्या एका शिपिंग कंपनीत अठरा वर्षं लोकांचे कंटेनर जगभर फिरवत होता. त्याने कुटुंबाचंही तेच केलं. एक्सेल उघडून पाच दिवसांत सात डे ट्रिप बसवल्या. रोज पहाटे साप्पोरोहून निघायचं. ओतारूचा कालवा बघायचा, जोझानकेईचे गरम पाण्याचे झरे करायचे, असाहिकावाच्या प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन उरकायचे आणि रात्री परत.

"आणि साप्पोरो कधी बघायचं?" विभावरीने विचारलं होतं.

"झोपायला येऊ तेव्हा."

जॅकेट होतं शौकतभाईंचं. शौकतभाई मूळ रत्नागिरीचे. पूर्वी बोडसांच्या शेजारी राहायचे, आता दुबईपासून तीन तासांवरच्या रुवैसच्या रिफायनरीत होते. बारा वर्षांपूर्वी कंपनीने त्यांना ट्रेनिंगसाठी साप्पोरोजवळ तीन महिने पाठवलं होतं, तेही ऐन हिवाळ्यात. शौकतभाई दुबईत घेतलेल्या पातळ स्वेटरवर तिथे उतरले, तेव्हा त्यांच्या म्हाताऱ्या जपानी साहेबाने स्वतःच्या अंगावरचं जॅकेट काढून त्यांना दिलं. तेच हे. खैरुद्दीन नावाच्या ड्रायव्हरबरोबर त्यांनी ते धाडलं आणि मागोमाग व्हॉट्सअॅपवर मेसेज केला: "सदाभाऊ, जपून. हे मी धुवायलासुद्धा दुसऱ्याच्या हातात देत नाही."

तर सदानंदने तालीम म्हणून हॉलचा एसी सोळावर ठेवला, बनियनवरच जॅकेट चढवलं, पोट आत घेतलं आणि झिप एका दमात हनुवटीपर्यंत ओढली. मग आरशात बघून तो खूश झाला. आपण एखादा हिमशिखर सर करून आलेला माणूस दिसतो, असं त्याचं मत पडलं.

"बाबा, यू लुक लाइक अ गॅस सिलिंडर," इरा म्हणाली.

सदानंदने झिप खाली ओढली. झिप आली नाही. दोन्ही हातांनी ओढली. झिप जागची हलली नाही, हनुवटीचं कातडं मात्र आलं.

"अगं, जरा इकडे ये गं," तो शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला.

विभावरीने आधी ओढून बघितलं. मग खोबरेल तेल लावलं, मग मेणबत्ती घासली, मग पक्कड आणली. आतलं अस्तर झिपच्या दातांत असं काही सापडलं होतं की तेल, मेण आणि पक्कड या तिघांनाही ते दाद देईना. डोक्यावरून काढावं म्हटलं तर खालचा पट्टा पोटावर येऊन थांबे. एकदा तो छातीपर्यंत आला, पण तेव्हा सदानंदचं डोकं आत गेलं आणि दोन मिनिटं घरात नुसता दबलेला आरडाओरडा ऐकू येत होता.

शेवटी विभावरीने कात्री उचलली.

"खबरदार!" सदानंद ओरडला. "माझी मान काप, पण जॅकेटला हात लावू नकोस!"

"मान दिसतेय कुठे कापायला?"

एवढ्यात फोन वाजला. फोन शौकतभाईंचा होता. "सदाभाऊ, खाली पार्किंगमध्ये आहे. जुलेखाला डेंटिस्टकडे आणलं होतं दुबईला. म्हटलं जाता जाता तुम्हाला साप्पोरोची सगळी माहिती देऊन जावं. यल्ला, येतोच वर."

मित्राची बारा वर्षं जपलेली वस्तू आपण बारा मिनिटांत मोडली, हे तोंडाने कबूल करण्यापेक्षा सदानंदने सरळ सोफ्यावर बसून हसरा चेहरा केला. (पुढे विभावरी सांगायची, तो हसरा वगैरे नव्हता. पोटात कळ आल्यासारखा होता.)

शौकतभाई बायकोला, जुलेखाभाभींना, घेऊन दारात आले आणि थबकले. "हे काय? घरात जॅकेट?"

"सवय करतोय," सदानंद म्हणाला.

शौकतभाईंनी जवळ येऊन जॅकेटची बाही कुरवाळली. मग जुलेखाभाभींकडे वळून म्हणाले, "बघितलंस? लोकांना वस्तू देतो आपण, ते कपाटात टाकतात. ह्याला म्हणतात कदर."

आता तर कबुली देणं शक्यच नव्हतं. तरी एसी सोळावर आहे तोवर आपण तग धरू, असा सदानंदचा हिशेब होता. तेवढ्यात जुलेखाभाभींनी दुपट्टा गळ्याभोवती घट्ट केला. "वहिनी, एसी बंद कराल का? कालपासून सर्दीने डोकं धरलंय."

एसी बंद झाला. विभावरी चहा करायला आत गेली, ती मसाल्याचा, वाफाळता, मोठ्या मगात घेऊन आली. नवऱ्याच्या हातात मग देताना तिच्या डोळ्यांत सहानुभूती होती, पण ओठ कोपऱ्यात हलत होते.

शौकतभाई ऐसपैस बसले. "दाखवा तुमचा प्लॅन."

इराने लॅपटॉप उघडून दिला. शौकतभाईंनी बघितलं आणि कपाळावर हात मारला. "सकाळी ओतारू आणि दुपारी नोबोरिबेत्सु? ही दोन टोकांना दोन गावं! सदाभाऊ, हे कंटेनर नव्हेत. एका दिवशी एकच गाव."

"बरोबर," सदानंद म्हणाला. दोन महिने खपून केलेला प्लॅन त्याने इतक्या चटकन सोडला की विभावरीने चमकून बघितलं. पण त्याच्या पाठीवरून घामाचा ओघळ सुरू झाला होता आणि वाद घातला तर पाहुणे आणखी अर्धा तास बसणार होते.

"असाहिकावाला पूर्ण दिवस द्या."

"दिला."

"पाचव्या दिवशी कुठेच जायचं नाही. शहरात हिंडायचं, बर्फ बघायचा."

"खलास, ठरलं! तेच तर मी म्हणतोय केव्हाचा."

विभावरीने हातातला चहाचा मग खाली ठेवला.

"आणि जोझानकेई," शौकतभाई रंगात आले. "चारी बाजूंनी बर्फ आणि मधे गरम पाण्याचं कुंड. बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं. पण एक आधीच सांगतो, तुम्हाला जमेल का बघा. तिथे आत जाताना अंगावरचे सगळे कपडे काढावे लागतात."

"काढू!" सदानंद अर्धा उठलाच. "सगळे काढू! ह्यापेक्षा चांगलं काय असतं, शौकतभाई? कपडे काढायला मिळणं ही काय लहान गोष्ट आहे?"

हे त्याच्या तोंडून इतक्या कळकळीने आलं की जुलेखाभाभी खिडकीबाहेर बघू लागल्या आणि इरा "ओ माय गॉड, बाबा" म्हणून स्वतःच्या खोलीत निघून गेली.

शौकतभाईंना मात्र उत्साह चढला. ओतारूच्या रस्त्यावर बर्फाची काच होते, माणसं आडवी होतात, तिथे पेंग्विनसारखं चालायचं असतं, असं ते म्हणाले. छोटी पावलं, गुडघे किंचित वाकवून, हात बाजूला. "या, करून दाखवतो. जॅकेट आहेच अंगात, उत्तम प्रॅक्टिस होईल."

आणि सत्तावीस डिग्रीच्या त्या दुपारी, एसी बंद असलेल्या हॉलमध्ये, पुढे शौकतभाई आणि मागे सदानंद असे दोघं सोफ्याभोवती पेंग्विनसारखे चालू लागले. पहिल्या फेरीत सदानंदच्या चष्म्यावर वाफ धरली. दुसऱ्या फेरीत त्याला शौकतभाई दोन दिसू लागले आणि दोघंही "हात बाजूला! हात बाजूला!" म्हणत होते. तिसऱ्या फेरीत तो टीपॉयला वळसा घालण्याऐवजी टीपॉयवर बसला.

"पाणी," तो म्हणाला.

जुलेखाभाभी उठल्या. त्यांनी जवळ येऊन त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "सदाभाऊ, झिप अडकलीय का?"

सदानंदने मान हलवली. निदान प्रयत्न तरी केला. कॉलरमुळे मान हलत नव्हती.

भाभींनी केसांतली पिन काढली, झिपच्या मागे सरकवली, अस्तर एका बाजूला दाबलं आणि दोन बोटांनी झिप सर्रकन खाली नेली. दहा सेकंदही लागले नसतील. "ह्यांचीही दर वेळी अडकायची," त्या म्हणाल्या. "अस्तरच तसं आहे."

"दर वेळी?" सदानंदने विचारलं.

"पहिल्यांदा अडकली तेव्हा दोन रात्री त्यातच झोपलो होतो मी," शौकतभाई मोकळेपणाने म्हणाले. "साहेबाला सांगायचं कसं? तुम्ही आधी का नाही बोललात?"

सदानंद घाईने शर्ट आणायला उठला. जॅकेट उघडल्यामुळे आतलं बनियन सगळ्यांना दिसत होतं. विभावरीने ते मागच्याच आठवड्यात फरशी पुसायच्या कपड्यांत टाकलेलं होतं. त्याला तीन भोकं होती आणि तिसरं बरोबर पोटाच्या मध्यावर होतं.

तो शर्ट घालून परत आला तोवर विभावरीने कात्रीचा किस्सा सांगून टाकला होता आणि हॉलमध्ये वेगळंच वातावरण होतं. जुलेखाभाभी डोळे पुसत होत्या आणि शौकतभाई उभे होते.

"सदाभाऊ, बारा वर्षं ही मला म्हणतेय, मलाही दाखवा ते गाव. मी टाळत आलो. पण आज तुम्हाला असं बघितलं, अंगातून घामाच्या धारा लागल्यात, तरी जॅकेटला इजा नको म्हणून गप्प बसलेले... ठरवलं. आम्हीही येतो. ओतारू, जोझानकेई, सगळं मी दाखवतो तुम्हाला. इन्शाल्ला, उद्याच रजा टाकतो."

सदानंदला खरोखर भरून आलं. त्याने पुढे होऊन शौकतभाईंना मिठी मारली.

"फक्त एक आहे," मिठीतच शौकतभाई म्हणाले. "आता हे जॅकेट मला लागेल."

मिठी जराशी सैल झाली.

"पण तुम्ही घाबरू नका. जुलेखाच्या बहिणीचं आहे एक, सुरैय्याचं. ती दिसायला तुमच्याच अंगाची आहे. कॅनडात होती, एकदम गरम जॅकेट. रंग जरा गुलाबी आहे."

"चालेल की!" विभावरी म्हणाली. सदानंदचं तोंड उघडेपर्यंत विषय संपला होता.

साप्पोरोला सगळं शौकतभाईंच्या प्लॅनप्रमाणे झालं आणि (हे सदानंदला कबूल करावं लागतं) फार छान झालं. रोज एकच गाव. ओतारूच्या कालव्याकाठी संध्याकाळी दिवे लागले, बर्फ भुरभुरत होता. तेव्हा एका जपानी मुलीने सगळ्यांचा फोटो काढून दिला. डोक्यावर टोपी, तोंडावर मास्क, गळ्यात विभावरीची शाल, अशा थाटात सदानंद मधोमध उभा होता. विभावरीने तो फोटो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकला.

पाच मिनिटांत पुण्याहून सदानंदच्या सख्ख्या बहिणीचा मेसेज आला: "वहिनी, फोटो सुंदर! पण दादा कुठे गेला? आणि मधल्या गुलाबी जॅकेटातल्या बाई कोण?"

विभावरीने बर्फात उभं राहून, हातमोजा दातांनी काढून उत्तर टाइप केलं: "दादा फोटो काढतोय. त्या आमच्या ग्रुपमधल्या आहेत. तब्येतीने जरा स्थूल आहेत, पण स्वभाव गरीब आहे."