समोरच्या घरात घेतलेलं माप

माणसाने दुसऱ्याच्या घरी जाऊन काय काय करू नये याची यादी मोठी आहे, पण 'माप घेऊ नये' असं कुणीच सांगून ठेवलेलं नाही. सांगून ठेवलं असतं तर बोहुमीर झालेशाक आज स्वतःच्या घरात, स्वतःच्या सपाता घालून बसले असते.

झालेशाक म्हणजे आमच्या इमारतीचे मास्तर. दोल्नी ब्रेझिना नावाच्या आडगावच्या स्टेशनावर त्यांनी एकतीस वर्षं लाल टोपी घालून गाड्या सोडल्या. मग एके दिवशी वरच्या साहेबांना साक्षात्कार झाला की या लाइनीवर माणसांपेक्षा ससेच जास्त फिरतात. लाइन बंद झाली. शेवटची गाडी दुपारी दोन सतराला सुटली (अगदी वेळेवर, हे मास्तर मरेपर्यंत सांगतील) आणि तिच्या जागी बस सुरू झाली. बसचा ड्रायव्हर कोण, तर व्रातिस्लाव कुबीचेक, मास्तरांचा समोरच्या दारातला शेजारी. सव्वीस वर्षांचा शेजार, तरी दोघं एकमेकांना 'तुम्ही'च म्हणायचे. लाइन बंद झाल्यापासून तर ते 'तुम्ही' चिमटा काढल्यासारखं यायचं.

मास्तरांची मुलगी लग्न होऊन ब्रनोला गेली आणि तिची छोटी खोली रिकामी झाली. रिकामी म्हणजे तिच्यात फक्त दोन मोठी कपाटं, स्कीच्या चार जोड्या आणि ड्राहोमीराने, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, घातलेल्या काकडीच्या लोणच्याच्या ऐंशी बरण्या उरल्या. ड्राहोमीराला तिथे शिवणाचं मशीन ठेवायचं होतं. मास्तरांना तिथे दोल्नी ब्रेझिना हवं होतं. अख्खं स्टेशन, एकशे वीस पटींनी लहान केलेलं. रुळांसकट, सिग्नलांसकट, प्लॅटफॉर्मवरच्या चेरीच्या झाडासकट. गेलेली लाइन त्यांना एकदा परत धावताना बघायची होती. ही नुसती हौस नव्हती, दुखणं होतं, आणि बायकोला ते कळत होतं म्हणूनच ती हो म्हणाली.

"पण ऐक, बोहुश," ती म्हणाली. "दार उघडलं पाहिजे आणि खिडकीही उघडली पाहिजे. ईस्टरनंतरच्या शनिवारी सगळं तयार हवं. यातलं एक जरी जमलं नाही, तर माझं मशीन आत आणि तुझं स्टेशन तळघरात, कायमचं."

मास्तरांनी मान डोलावली. आता माप घ्यायचं, तर आधी ऐंशी बरण्या आणि दोन कपाटं हलवायची. कपाटांमागची भिंत मास्तरांनी वीस वर्षांत पाहिली नव्हती. फीत हातात घेऊन ते विचार करायला म्हणून दाराबाहेर आले, तर समोर कुबीचेकचं दार सताड उघडं. त्याने आपली छोटी खोली रंग द्यायला मोकळी केली होती. चार उघड्या भिंती, मध्ये एक शिडी.

मास्तरांच्या डोक्यात दिवा पेटला. आमच्या या इमारती म्हणजे कारखान्यात ओतलेल्या भिंती क्रेनने उचलून एकमेकींना जोडलेल्या. पाहिजे त्या घरात जा, खोलीची लांबी तीच, रुंदी तीच, खिडकीखालचा हीटरही तोच. मग आपल्या घरी बरण्या कशाला हलवायच्या? एवढासा निर्णय. तो घ्यायला मास्तरांना पुरतं अर्धं मिनिटही लागलं नाही.

फितीचं दुसरं टोक कुबीचेकने धरलं. दार उजव्या कोपऱ्यात, डाव्या हाताची भिंत मोकळी, समोर खिडकी. मास्तरांनी मिलिमीटरपर्यंत सगळं उतरवून घेतलं. डाव्या भिंतीला स्टेशन, तिथून काटकोनात वळून खिडकीखाली घाट आणि बोगदा. दाराला हवी तेवढी मोकळीक.

कुबीचेकने फीत सोडताना हळूच विचारलं, "मास्तर, तुमच्याकडे पण असंच आहे ना? नक्की?"

"ड्रायव्हरसाहेब, तुम्ही बस चालवा," मास्तर म्हणाले. "रुळांचं आम्हाला कळतं."

कुबीचेक गप्प बसला. (शहाण्याने गप्पच बसावं. पण तो जरा जास्तच समाधानाने गप्प बसला, हे मास्तरांच्या लक्षात यायला हवं होतं.)

सगळा हिवाळा मास्तर तळघरात होते. प्लायवूड कापलं, रूळ ठोकले, चेरीच्या झाडाला एकेक पान चिकटवलं. बोटाच्या पेराएवढे बत्तीस प्रवासी सुईच्या टोकाने रंगवले. तेहेतिसावे स्वतः मास्तर, लाल टोपी आणि मिशांसकट. जुन्या लाइनीवरच्या अकरा सहकाऱ्यांना त्यांनी बोलावणी धाडली: शनिवारी, दोन सतराला, टोपी घालून येणे.

शुक्रवारी ड्राहोमीराने बरण्या बाल्कनीत हलवल्या आणि कपाटं मुलीच्या नवऱ्याने नेली. मास्तरांनी आणि कुबीचेकने स्टेशनाची साडेतीन मीटरची फळी कशीबशी आत आणली. मास्तरांनी कुबीचेकला घाटाची फळी आणायला खाली पिटाळलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं, कारण उघडं दार नेमकं डाव्या भिंतीला टेकत होतं. दार इथे कसं काय, हा प्रश्न त्या क्षणी कुणालाही पडला असता. मास्तरांना फक्त एवढंच दिसत होतं, की दार मध्ये येतंय.

दार लागलं. मास्तरांनी फळीचे घडीचे पाय उघडले, फळी डाव्या भिंतीला सरकवली आणि दाबली. ती अशी चपखल बसली, की भिंत आणि फळी यांच्यात पोस्टाचं तिकीटही गेलं नसतं. मास्तरांचे डोळे भरून आले. असं माप त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं.

दारावर टकटक झाली. दार चार बोटं उघडलं, सिग्नलाला धडकलं आणि थांबलं. फटीत ड्राहोमीराचा एक डोळा दिसला.

"बोहुश, दार उघड."

"उघडंच आहे."

"मग मी आत का येत नाही?"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. मग स्टेशनाकडे. मग पुन्हा दाराकडे. एकतीस वर्षांत त्यांनी एकही गाडी चुकीच्या रुळावर सोडली नव्हती, आणि आता अख्खं स्टेशनच दारात उभं होतं. पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते त्यांना कळलं. सरकली नाही ती फक्त फळी. मागेही नाही आणि पुढेही नाही.

"हे बांधणारे," ते कसेबसे म्हणाले, "या गाढवांनी आपलं दार चुकीच्या बाजूला बसवलंय."

"सव्वीस वर्षांपूर्वी?"

"तेव्हाच."

ड्राहोमीरा मागे वळली. तिने कुबीचेकच्या उघड्या दारातून त्याची छोटी खोली पाहिली आणि मग आपली. "नाचता येईना अंगण वाकडं," ती म्हणाली. "अरे, समोरासमोरची घरं आहेत ही. नमस्काराला जोडलेल्या हातांसारखी. त्यांचं उजवं ते आपलं डावं. तू माप त्यांच्याकडे घेतलंस?"

जिन्यात कुबीचेक घाट खांद्यावर घेऊन उभा होता आणि छताकडे बघत होता.

फळी सुटी करायला तीन तास लागले. फटीतून स्क्रू-ड्रायव्हर आत गेला, पाण्याची बाटली गेली, पावात घातलेलं तळलेलं कटलेटही गेलं. मास्तरांनी फळी फिरवून पाहिली, आडवी, तिरपी, उभी. उजव्या भिंतीला तशीच सरकवली, तर स्टेशन भिंतीकडे तोंड करायचं; फिरवून लावली, तर रूळ घाटाऐवजी दाराकडे निघायचे. एकाच रीतीने ती बसत होती: पालथी. मग दारही उघडत होतं आणि खिडकीही, फक्त दोल्नी ब्रेझिना जमिनीकडे तोंड करून लटकत होतं. दुसऱ्या दिवशी अकरा माणसं टोप्या घालून येणार होती. मास्तर स्वयंपाकघरात स्टुलावर बसले आणि रडले. लाइन त्यांच्या हातून दुसऱ्यांदा बंद झाली होती.

ड्राहोमीराने मशीनवरचं कापड झटकलं, मग ते तसंच खाली ठेवलं. ती समोर गेली आणि दारात उभ्या उभ्या कुबीचेकशी काहीतरी बोलली. कुबीचेक आला.

"मास्तर, ज्या खोलीचं माप घेतलंत, तिथे ते बसणारच," तो म्हणाला. "बायको गेल्यापासून माझी ती खोली तशीही रिकामीच असते. रंग कशासाठी देतोय तेच मला कळत नव्हतं. या घेऊन."

शनिवारी दोन सतराला अकरा लाल टोप्या कुबीचेकच्या छोट्या खोलीत दाटीवाटीने उभ्या होत्या. बूट अर्थातच दाराबाहेर. पाहुण्यांना देण्याजोग्या सपाता कुबीचेकच्या घरी एकच जोडी, त्याच्या बायकोच्या, गुलाबी, गोंड्याच्या. मान म्हणून त्या मास्तरांना मिळाल्या. त्या घालून त्यांनी शिट्टी वाजवली, हिरवा दांडा वर केला, आणि गाडी घाट चढून, बोगद्यातून निघून, चेरीच्या झाडाखाली येऊन थांबली. वेळेवर. अकरा म्हातारे डोळे पुसत होते. मास्तरांनी कुबीचेकचा हात हातात घेतला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला 'तू' म्हणाले. सुख म्हणजे हेच, असं त्यांना त्या वेळी खरोखर वाटलं.

सोमवारी सकाळी मास्तरांनी समोरची बेल वाजवली. त्यांच्या स्वतःच्या घरातून शिवणाच्या मशीनचा आवाज येत होता. कुबीचेकने दार उघडलं, गुलाबी सपाता पुढे सरकवल्या आणि म्हणाला, "ये, ये. पण आज गाडी नाही हं."

मास्तर घाईघाईने आत गेले. बोगद्याच्या तोंडाशी काडेपेटी आडवी लावलेली. स्टेशनाच्या भिंतीवर, कुबीचेकच्या अक्षरात, नखाएवढी पाटी: 'रुळांच्या दुरुस्तीमुळे गाड्या रद्द. प्रवाशांनी बसने जावे.' स्टेशनामागे एक पिवळी खेळण्यातली बस उभी होती. प्लॅटफॉर्म ओस पडला होता, कारण बत्तीसच्या बत्तीस प्रवासी बसच्या दाराशी शिस्तीत रांग लावून उभे होते.

मास्तरांनी खाली वाकून चष्मा सारखा केला. रांगेच्या अगदी शेवटी, लाल टोपी घातलेले मिशाळ मास्तरही बसची वाट बघत उभे होते.