निवडून काढलेले दगड

खोक्यात चोवीस दगड होते. सोमवारी सकाळी सोळाच उरले, आणि अकरा वाजता मीटिंग होती. सुनेने दोनदा मोजले, मग हाक मारली, "आई, यातले दगड कुठे गेले?"

"भोकं पडलेले, किडके होते ते काढले," सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या. "चांगले ठेवलेत तसेच."

सुनेने खोकं बाजूला ठेवलं.

ती वायूच्या कंपनीत भूगर्भतज्ज्ञ होती. तीन वर्षं ती एकच गोष्ट साहेबांच्या गळी उतरवू पाहत होती. नवी विहीर आज जिथे खडक उंच आहे तिथे नको, कोट्यवधी वर्षांपूर्वी जिथे उंच होता तिथे घ्या. तिथला चुनखडक तेव्हा समुद्रातून वर आला, पावसाने झिजला, त्याला भोकं पडली; मग पुन्हा बुडाला आणि गाळाखाली सपाट झाला. उंची गेली, भोकं राहिली, आणि वायू साठतो तो भोकांतच. साहेबांचं पालुपद ठरलेलं, "बाई, तुम्हाला भोकं हवीत म्हणून तुम्ही सोयीचेच दगड निवडता." म्हणून या वेळी तिने सगळ्या विहिरींचे दगड सरमिसळ आणले होते. आज नकार आला की फाइल कायमची बंद होणार होती.

"टाकले कुठे, आई?"

"टाकीन कशी? कामाला लावले."

वरच्या मजल्यावरच्या घड्याळजींनी पाच दगड माशांच्या टाकीत मांडले होते. "मासे रमलेत हो," ते काकुळतीने म्हणाले, पण बाही सारून त्यांनी दगड काढून दिले. दोन वॉशिंग मशीनखाली सापडले. ते काढताच मशीन धडधडत दाराकडे निघालं. आठवा न्हाणीघरात नवऱ्याच्या हातात होता.

"टाच घासायला झकास आहे हा. कुठून आणलास?"

"तीन किलोमीटर खालून."

त्याच्यावरचा विहिरीचा नंबर टाचेने खाल्ला होता.

मीटिंगमध्ये साहेबांनी ओले दगड पाहिले, एकावरचा साबणाचा फेस पाहिला. काहीतरी ठोकून देता आलं असतं. पण तिने मान खाली घालून तांदळापासून टाचेपर्यंत सगळं सांगून टाकलं.

साहेब हसले नाहीत. "तुमचं म्हणणं काय आहे, हे त्यांना माहीत होतं?"

"घरात त्यांना कुणी काही सांगत नाही," ती म्हणाली, आणि बोलताना तिचं तिलाच ते टोचलं. सासूबाई एके काळी साठ परिचारिकांवर मेट्रन होत्या. आता त्यांच्या वाट्याला तांदूळ निवडणं तेवढं उरलं होतं.

साहेबांनी सातही दगडांचे नंबर नकाशावर ताडून पाहिले. सातही जुन्या उंचवट्यावरच्या विहिरींचे निघाले. आठवा यादीवरून ओळखला, तोही तिथलाच. खोक्यात राहिलेल्या सोळांत तिथला एकही नव्हता.

"आता सोयीचे निवडले असं तरी कसं म्हणू?" साहेब पुटपुटले. त्यांनी नव्या विहिरीचा फॉर्म पुढे ओढला, सही केली आणि तो तिच्याकडे सरकवला. "नमुने कुणी निवडले, ते लिहा."

तिने सासूबाईंचं पूर्ण नाव लिहिलं. पुढचा रकाना हुद्द्याचा होता. तिथे पेन जरा थांबलं, मग तिने लिहिलं, 'माझ्या वरिष्ठ.'

साहेबांनी ते वाचलं आणि शिक्का मारला.